पान तेंच, मजकूर नवा

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं चाळल्या असतील त्यांना पानापानावर दिसणारे पिवळे डाग परिचयाचे असतील. लेखकाच्या हातून एखादें अक्षर चुकलें, कीं तेवढ्यावर तो हरताळ लावी आणि वाळल्यावर त्याच जागीं शुद्ध अक्षर लिही. एका अक्षरासाठीं अख्खें पान टाकून द्यावें, असा उधळेपणा त्या काळांत कोणाच्या स्वप्नांतहि आला नसता. परंतु आज आपलें पुष्कळसें वाचन ज्यावर चालतें, त्या इंटरनेटवरील वेबपानांनीं आपल्या आयुष्याचीं पहिलीं आठ-दहा वर्षें नेमका हाच उधळेपणा केला. पानावरील एक आंकडा बदलावयाचा असला, तरी सगळें पान पुसून तें पुन्हां मुळापासून मागवावें लागे. ही रीत कशी पडली, ती कोणीं मोडली आणि मोडल्यावर काय झालें, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

मूळ कल्पनेंत दोष नव्हता, हें आधीं सांगितलें पाहिजे. टिम बर्नर्स-ली हे जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत काम करीत असतां त्यांनीं मार्च १९८९ मध्यें आपली योजना वरिष्ठांपुढें मांडली, ती शास्त्रज्ञांचे लेख व माहिती एकमेकांना जोडण्यासाठीं. लेख म्हणजे लिहून पुरी झालेली वस्तु. वाचकानें दुव्यावर बोट ठेवावें, त्याच्या ब्राउझरनें दूरच्या सर्व्हरकडे पानाची मागणी करावी, सर्व्हरनें तें पान संपूर्ण पाठवावें आणि दुसऱ्याच क्षणीं मागणाऱ्याला विसरून जावें, एवढाच हा व्यवहार होता. हें विसरणें हेतुपुरस्सर होतें; कोणाचें काय चाललें आहे याची आठवण ठेवावयाची नसल्यामुळें एक साधा सर्व्हर पुष्कळ वाचकांना पुरा पडे. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही सर्व रचना जगाला विनामूल्य खुली केली, त्याच वर्षीं मोझेक नांवाचा ब्राउझर अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांतून बाहेर पडला, आणि विद्वानांच्या या गांवांत दुकानदार, पेढीवाले व टपालवाले यांची रीघ लागली.

येथें खरी अडचण उभी राहिली. लेख वाचणें निराळें आणि काम करणें निराळें. ४ जुलै १९९६ रोजीं सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं हॉटमेल सुरू केलें, तेव्हां ब्राउझरमध्यें आपलीं पत्रें वाचण्याची मोठी सोय झाली खरी. पण पत्र उघडलें कीं नवें पान, यादीकडे परतलें कीं पुन्हां नवें पान, एक पत्र काढून टाकलें कीं उरलेली सगळी यादी पुन्हां पहिल्यापासून. आपल्याकडे विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठीं खुलें केलें. दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमच्या त्या चिरक्या किंकाळीनंतर, एकेक पान पडद्यावर वरून खालीं असें उतरत असे कीं तेवढ्यांत चहा होऊन जावा. त्या दिवसांत मीं स्वतः एक लांबलचक अर्ज भरला होता. पिनकोडांतील एक आंकडा राहून गेला. अर्ज पाठविल्यावर पडदा पांढरा झाला, बराच वेळ पांढराच राहिला, आणि मग तोच अर्ज परत आला. लाल अक्षरांत माझी चूक सांगणारा व बाकी सर्व रकाने कोरे असलेला. चूक एका आंकड्याची, शिक्षा मात्र सगळ्या अर्जाला! घरोघर असे अनुभव आले असतील.

या जाचांतून सुटण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. ब्रेंडन आइक यांनीं मे १९९५ मध्यें नेटस्केप कंपनीसाठीं अवघ्या दहा दिवसांत एक लहानशी भाषा तयार केली. तीच पुढें जावास्क्रिप्ट म्हणून प्रसिद्धीस आली. हिच्यामुळें पानाला थोडी बुद्धि आली. रकाना रिकामा असेल तर सर्व्हरला न विचारतां जागच्या जागीं तसें सांगतां येऊं लागलें. त्याच कंपनीच्या दुसऱ्या आवृत्तीनें पडद्याचे स्वतंत्र कप्पे पाडण्याची सोय दिली, आणि चतुर मंडळींनीं अदृश्य कप्पा ठेवून त्याच्या आडून माहिती ओढून आणण्याची युक्तिहि काढली. पण ती अखेर युक्तीच. पानाला हात मिळाले होते, चार भिंतींच्या आंतील सामान तें हलवूं शके. बाहेर माणूस पाठवून नवें सामान आणविण्याचा सरळ मार्ग मात्र त्याला नव्हता.

तो मार्ग जेथून निघाला ती जागा कोणाच्या ध्यानींमनीं नव्हती. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सचेंज या टपालव्यवस्थेची नवी, २००० सालची, आवृत्ति तयार होत होती. कचेरींतील संगणकावर पत्रें जशीं सहज वाचतां येतात तशींच तीं ब्राउझरमध्येंहि वाचतां यावींत, अशी त्या मंडळींची इच्छा होती. त्यांपैकीं ॲलेक्स हॉपमन यांना असें वाटलें, कीं पानानें स्वतः गाजावाजा न करतां सर्व्हरकडे निरोप धाडावा, उत्तराची वाट पाहत हात बांधून बसूं नये, आणि उत्तर आलें म्हणजे तेवढाच भाग बदलावा. एका शनिवार-रविवारांत त्यांनीं या साधनाचा पहिला नमुना लिहून काढला. आतां प्रश्न उरला तो हें साधन लोकांच्या ब्राउझरपर्यंत पोहोंचविण्याचा. इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तीचें काम संपत आलें होतें आणि तींत नवीन कांहीं घुसविण्याची मुदत जवळजवळ टळली होती. मात्र एक्सएमएल या लेखनपद्धतीसाठीं असलेलें एक ग्रंथालय त्या आवृत्तीबरोबर जाणारच होतें. हॉपमन यांनीं आपलें साधन त्या ग्रंथालयाच्या गाठोड्यांत ठेवून दिलें, आणि तेथें तें शोभावें म्हणून त्याच्या नांवाला एक्सएमएलची पुढणी जोडली. वस्तुतः या साधनाला एक्सएमएलचें कांहींच अडलेलें नव्हतें; कोणताहि मजकूर तें आणूं शकतें. गाडींत जागा मिळावी म्हणून परक्या वऱ्हाडाचें आडनांव सांगावें, त्यांतलाच हा प्रकार. मार्च १९९९ मध्यें पांचवी आवृत्ति बाहेर पडली आणि तिच्याबरोबर एक्सएमएलएचटीटीपी हें साधन जगभरच्या संगणकांत जाऊन बसलें.

त्याची कार्यपद्धति थोडक्यांत सांगतों. निरोप्याच्या प्रवासाचे पांच टप्पे मानले आहेत, शून्यापासून चारपर्यंत. शून्य म्हणजे तो अजून घरांतच आहे. एक म्हणजे कोठें जावयाचें तें ठरलें. दोन म्हणजे उत्तराचा मथळा हातीं आला. तीन म्हणजे मजकूर येत आहे. चार म्हणजे काम पुरें झालें. प्रत्येक टप्प्याला पानाला वर्दी मिळते. चार ऐकूं आलें, कीं पान आपल्या अंतर्गत रचनेच्या वृक्षावरील हवी ती एकच फांदी बदलतें. बाकीचें झाड हालत नाहीं. या वृक्षाचे सर्वमान्य नियम ऑक्टोबर १९९८ मध्येंच ठरविले गेले होते, म्हणून निरोप्या आणि वृक्ष या दोहोंची गांठ पडतांच हरताळाची जुनी सोय वेबला लाभली.

आणि तरीहि पांच वर्षें याची फारशी कोणी दखल घेतली नाहीं! मला या इतिहासांतील हा भाग सर्वांत उद्बोधक वाटतो. ज्या कंपनीचें सारें वैभव संगणकाच्या मूळ व्यवस्थेच्या विक्रीवर उभें होतें, तिनेंच त्या व्यवस्थेची गरज कमी करणारें हत्यार घडविलें होतें; कारण ब्राउझरमध्येंच सर्व कामें होऊं लागलीं तर खालीं कोणती व्यवस्था आहे हें विचारतो कोण? कंपनीला हें उमगलें होतें कीं नाहीं, याची चर्चा मी येथें करीत नाहीं. एवढें खरें, कीं २००१ सालीं सहावी आवृत्ति काढल्यावर सातवीसाठीं तिनें लोकांना २००६ पर्यंत ताटकळत ठेवलें. दरम्यान मोझिला मंडळींनीं या साधनाची आपली प्रतिकृति घडविली व जून २००२ मध्यें ती पूर्णत्वास नेली. ॲपलच्या सफारीनें २००४ च्या फेब्रुवारींत व ऑपेरानें २००५ सालीं तोच कित्ता गिरविला. कोणत्याहि समितीनें ठराव केला नसतां एक रूढि सर्वमान्य झाली. प्रमाण-संस्थेचा पहिला मसुदा निघाला तो एप्रिल २००६ मध्यें, म्हणजे वरात निघून गेल्यावर मुहूर्त काढण्यासारखें!

लोकांच्या डोळ्यांत ही गोष्ट भरली ती गूगलमुळें. १ एप्रिल २००४ रोजीं जीमेल जाहीर झालें. हॉटमेल त्या वेळीं दोन मेगाबाइट जागा देत असतां यानें एक गीगाबाइट देऊं केली, त्यामुळें पुष्कळांना ती एप्रिलची थट्टाच वाटली. पण जागेहून नवलाची गोष्ट ही, कीं पत्र उघडतांना पडदा पांढरा होत नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत शोधाच्या चौकटींत अक्षरें टंकित असतांनाच खालीं सूचनांची यादी उमटूं लागली. मग ८ फेब्रुवारी २००५ रोजीं नकाशे आले. लार्स व येन्स रासमुसेन या बंधूंनीं सिडनी येथें आपल्या सोबत्यांसह जो नकाशा संगणकावर बसवावयाचा कार्यक्रम म्हणून आरंभिला होता, तोच ब्राउझरमध्यें अवतरला. पूर्वीच्या नकाशांत पूर्वेला सरकावयाचें तर बाण दाबून नवें पान मागवावें लागे. येथें नकाशा हातानें धरून ओढावा आणि कडेनें नवे चौकोनी तुकडे येऊन बसावेत. ज्यांनीं तो प्रथम ओढून पाहिला त्यांना ती जादूच वाटली असल्यास नवल नाहीं.

आतां राहिलें नांव. १८ फेब्रुवारी २००५ रोजीं जेसी जेम्स गॅरेट यांनीं एक छोटा निबंध प्रसिद्ध केला व या सर्व तंत्रसमुच्चयाला एजॅक्स असें म्हटलें. हें नांव त्यांना स्नान करतांना सुचलें म्हणतात. गॅरेट यांनीं नवीन कांहीं शोधलें नव्हतें, आणि तसा दावाहि केला नव्हता. परंतु ज्या वस्तूला नांव नाहीं तिच्याविषयीं ना गिऱ्हाइकाशीं बोलतां येतें, ना मालकाकडून पैसा मंजूर करून घेतां येतो. जी गोष्ट सहा वर्षें अडगळींत पडली होती, ती नामकरणानंतर थोड्याच महिन्यांत प्रत्येक कारखान्यांत शिजूं लागली. होमराच्या काव्यांतील योद्धा आणि अमेरिकेंतील भांडीं घासण्याची भुकटी, या दोघांचेंहि हेंच नांव आहे. दोहोंपैकीं कोणाचा गुण यांत उतरला, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

कारण याचे दोषहि लवकरच दिसूं लागले. मागें जाण्याचें बटण निकामी झालें. पान बदललेंच नाहीं असें ब्राउझर समजे, आणि वाचक एकदम दारांतच जाऊन पडे. ऑक्टोबर २००५ मध्यें मायस्पेसवर एका एकोणीस वर्षांच्या तरुणानें आपल्या पानांत असा मजकूर पेरला, कीं तें पान पाहणाऱ्याच्याच नांवानें पडद्याआडून निरोप जावेत व तोच मजकूर त्याच्याहि पानांत रुजावा. वीस तासांच्या आंत दहा लाखांहून अधिक लोकांचीं पानें बाधलीं. ज्या निरोप्याची पाठवणी दिसत नाहीं, तो कोणासाठीं धांवतो आहे हेंहि दिसत नाहीं, ही गोष्ट त्या दिवशीं उघड झाली. शोधाच्या चौकटींत आपण लिहून मग पुसून टाकलेलें अक्षरहि सर्व्हरपर्यंत जाऊन आलेलें असतें, याचा विचार आजहि थोडेच लोक करतात.

परंतु ज्यांचें नुकसान कोणाच्याच लक्षांत आलें नाहीं, ते अंध वाचक. त्यांचा संगणक पान वाचून दाखवितो. पूर्वी नवें पान आलें कीं वाचन पहिल्यापासून सुरू होई. तें कंटाळवाणें असे, तरी कांहीं बदललें एवढें तरी कळे. आतां पानाच्या कोपऱ्यांत चुकीची सूचना उमटे, भाव वाढे, गाडींतील जागा संपे, आणि ऐकणाऱ्याला त्याची वार्ताहि नसे. डोळसांना जी सुधारणा वाटली तिनें यांच्यापुढें मूक भिंत उभी केली. मार्च २०१४ मध्यें सर्वमान्य झालेल्या नियमांनीं बदलत्या भागावर खूण करण्याची सोय केली आहे. तिचे दोन प्रकार आहेत: विनयशील आणि आग्रही. विनयशील खूण असेल तर यंत्र चालू वाक्य संपूं देतें व मग बातमी सांगतें. आग्रही असेल तर मध्येंच तोडून सांगतें. ही खूण करावयाची कीं नाहीं हें मात्र पान लिहिणाऱ्यावर सोपविलेलें आहे, आणि पुष्कळजण ती करीत नाहींत.

असो. ज्या ब्राउझरच्या गाठोड्यांतून हें साधन प्रथम बाहेर आलें, त्या इंटरनेट एक्सप्लोररला त्याच्या कंपनीनें १५ जून २०२२ रोजीं निवृत्त केलें. २०१५ पासून फेच नांवाचा अधिक सुटसुटीत निरोप्या ब्राउझरांत आला आहे आणि नवें लिखाण बहुधा त्याच्याच भरंवशावर होतें. तथापि जुना निरोप्याहि सर्व ब्राउझरांत अद्याप नोकरीवर आहे. तो वाहून आणतो तो मजकूर आतां क्वचितच एक्सएमएलमध्यें असतो, बहुधा जेसन नांवाच्या हलक्या पद्धतींत असतो. पण घाईच्या त्या दिवसांत घेतलेलें उसनें आडनांव अजून त्याच्या नांवापुढें तसेंच आहे.