तीन डिस्क, एक बॅटरी आणि माझी सही



परवा नातवाने आमच्या सुभानपुऱ्याच्या घरी फोटो ठेवायला दोन डिस्कचा डबा आणला. म्हणाला, "आजोबा, एक बिघडली तरी दुसरी आहे, आता काळजी नाही." मी हसलो खरा, पण एक जुनी गोष्ट आठवली. ती आज लिहूनच टाकतो.

आम्ही बँकेत लागलो तेव्हा सगळा कारभार जाडजूड लेजरवर. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, लेजर पोस्टिंग मशिनं आली. १९९३ साली संघटनांशी करार झाला आणि शाखाच्या शाखा कॉम्प्युटरवर जाऊ लागल्या. नव्वदीच्या शेवटी आमच्या शाखेतही सर्व्हर आला. त्याची जबाबदारी माझ्याकडे, म्हणजे एका बी.कॉम. माणसाकडे!

त्यात तीन डिस्क होत्या. इंजिनिअर म्हणाला, "साहेब, ह्याला रेड फाइव्ह म्हणतात." १९८८ साली अमेरिकेत बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली होती. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडायच्या. मला ती हिशेबाच्या भाषेत कळली. ७ आणि ५, बेरीज १२. ५ पुसला गेला तर १२ मधून ७ वजा करा, ५ परत मिळतो. तीन डिस्कमध्ये दोनाएवढी जागा वापरायला, उरलेली ह्या पडताळ्याला. कुठलीही एक डिस्क गेली तरी शाखा चालू!

पण प्रत्येक एंट्रीला पडताळा पुन्हा लिहायचा म्हणजे वेळ लागणार. म्हणून कंट्रोलर कार्डावर थोडी मेमरी असे. एंट्री आधी तिथे, सवडीने डिस्कवर. लाईट गेली तर ती मेमरी जपायला कार्डावर छोटी बॅटरी. बॅटरी बिघडली की कार्ड स्वतःहून सावध होई. एंट्री थेट डिस्कवर लिही, पण काम मंदावे.

आमची बॅटरी महिनाअखेरीस गेली. पहिल्या तारखेला पेन्शनरांची रांग दारापर्यंत, स्क्रीन हलेना. इंजिनिअर म्हणाला, "बॅटरीशिवायही मेमरी चालू ठेवता येते, पण धोका आहे." मी म्हटलं, "ठेव चालू." रजिस्टरमध्ये सही माझी.

दुपारी लाईट गेली. यूपीएसनेही दगा दिला. सर्व्हर परत सुरू झाला तेव्हा तिन्ही डिस्क ठणठणीत, पण शेवटच्या कितीतरी एंट्र्या गायब. पैसे दिलेले, नोंद नाही. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने कॅश शॉर्ट! सगळ्यांच्या नजरा कॅशियरकडे वळल्या. बिचारा बॅग उघडून म्हणाला, "साहेब, जोई लो."

आणि मी? कारण मला ठाऊक होतं. तरी पाच-दहा मिनिटं गप्प बसलो. नोकरी, प्रमोशन, सगळं डोळ्यापुढे आलं. ती मिनिटं आजही टोचतात, बरं का. मग उठलो, रजिस्टर मॅनेजरांपुढे ठेवलं आणि म्हटलं, "चूक माझी आहे, त्याची नाही."

एक फाईलही बिघडली होती. म्हणून आदल्या रात्रीची टेप चढवली आणि दिवसभराची व्हाउचरं पहिल्यापासून पोस्ट केली. कॅशियर शेजारी बसून एकेक आकडा वाचत होता. रात्री उशिरा रुपयाला रुपया टॅली झाला. मला मेमो मिळाला, तो रास्तच होता. कॅशियरने मात्र घरी निघण्याआधी मला चहा पाजला.

नातवाला एवढंच सांगितलं. जास्तीची डिस्क ही डिस्क बिघडण्यापासून वाचवते. चुकून पुसलेलं, लाईटने गिळलेलं ती परत आणत नाही. त्या रात्री आम्हाला वाचवलं ते टेपने आणि कागदाच्या व्हाउचरांनी. तेव्हा फोटोंची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेव. आणि यंत्र धोक्याची सूचना देतं, तेव्हा रांग कितीही मोठी असो, तिचं ऐक.

तुमच्यापैकी कोणी ते दिवस पाहिले असतील तर जरूर लिहा.