पाण्याची पारख

लोहार विळ्याला 'पाणी देतो' असे आपण म्हणतो. तलवार 'पाणीदार' असते आणि प्रसंगी माणसाचेही पाणी जोखले जाते. वस्तुतः पाण्यात किंवा तेलात बुडविण्यापूर्वी पोलाद किती तापले होते, यावरही त्याचा कणखरपणा अवलंबून असतो. हे 'किती' माणसाने कसे जाणले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. घरी सुऱ्या घडविणारा हौशी कारागीर विजेची भट्टी निवडू लागतो, तेव्हा तो याच इतिहासाचे एक पान उलटीत असतो.

शतकानुशतके हे माप डोळ्यांत होते. उजेड बेताचा ठेवून लोहार तापल्या लोखंडाचा रंग पाही. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाला चुंबक लागेनासा होतो, ही खूणही साध्या पोलादाला पुरे. दक्षिण भारतातील कारागीर मुशीत जे पोलाद करीत, त्याचे नमुने डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून विलायतेस पाठविले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे १८१९ च्या सुमारास फॅरेडे यांनी स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्यांच्या कारागिराबरोबर त्याचा कसून अभ्यास केला. हे पोलाद फार तापविले तर घणाखाली तडकते. बेताच्या आचेचे मर्म न कळल्याने युरोपातील लोहारांची फजिती झाली.

एकोणिसाव्या शतकात स्वस्त परदेशी मालापुढे तो धंदा मावळला. बुखाननसारख्या प्रवाशांनी मुशी-भट्ट्यांची वर्णने लिहून ठेवली, परंतु कारागिराच्या डोळ्यांतला रंग त्यांत उतरला नाही. टिपणीवाचून राहिलेले प्रकरण बदलीबरोबर कसे हरवते, हे आपणां नोकरदारांस सांगावयास नको. हरवलेल्या त्या पोलादाची जाळी पुन्हा उमटविण्यासाठी व्हेरहोव्हेन हे प्राध्यापक आणि पेन्ड्रे हे पाती घडविणारे लोहार यांना अमेरिकेत वर्षानुवर्षे खपावे लागले. १९९८ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले.

आच अंकांत मांडण्याची खटपट वेजवुड या कुंभकामाच्या कारखानदाराने १७८२ साली केली. भट्टीत मातीच्या गोळ्या किती आकसतात, यावरून तो उष्णता मोजी. त्याचे आकडे मात्र भलतेच फुगलेले निघाले. दोन धातूंच्या सांध्याला उष्णता दिली की वीज वाहते, हे झेबेक यांनी १८२१ साली दाखविले होते. त्या आधारे ल शातेलिए यांनी १८८६ च्या सुमारास प्लॅटिनमच्या तारांचा भरवशाचा मापक सिद्ध केला. १९०६ साली अमेरिकेत मार्श यांना निकेल-क्रोमियमच्या तारेचे पेटंट मिळाले. लाल होऊनही लवकर न जळणारी तार हाती आली आणि विजेची भट्टी घरात येण्याजोगी झाली.

ती घ्यावी का, हे पोलादावर ठरते. साध्या पोलादाला सुमारे ८०० अंश पुरतात. तेथे कोळशाची भट्टी आणि सरावलेली नजर अजूनही काम देतात. न गंजणाऱ्या पोलादांना मात्र बहुधा १००० ते ११०० अंशांवर काही मिनिटे स्थिर ठेवावे लागते. तेथे चुंबक निरुपयोगी आणि रंग फसवा. म्हणून भट्टी ११०० च्या वर सहज जाणारी असावी. पाते आत मोकळेपणी मावावे. मापक पात्याजवळ असावा. नियंत्रक ठरलेली आच चढउतार न होता राखणारा असावा. आपल्या घरच्या २३० व्होल्टच्या १६ अँपिअर जोडणीतून सुमारे ३.७ किलोवॅटच्या वर मिळत नाही. म्हणून मोठ्या भट्टीचा मोह आवरलेला बरा. दाराच्या फटीतून उष्णता निसटत असेल तर काट्यावरचा आकडा आणि पात्याची आच यांत फरक पडतो.

भट्टीची खरी किंमत तिच्या आकड्याच्या सचोटीत आहे. आज साधलेली आच आणि तिचा वेळ वहीत टिपून ठेविला, तर दहा वर्षांनी दुसऱ्या गावचा कारागीरही तेच पाते तसेच उतरवू शकेल. दक्षिणेच्या त्या कारागिरांजवळ कसब होते, वही नव्हती. आज भट्टी घेणाऱ्याने तिच्याबरोबर एक वहीही घ्यावी, असे आम्ही सुचवितो.