नामा म्हणे... पण कोणता नामा?

तुमच्या टीममध्ये एखादा नामदेव आहे का? जरा आठवून बघा. अमित, अभिषेक, रोहन असे प्रत्येकी दोन-तीन निघतील. नामदेव बहुतेक नाहीच. आता एक गंमत करा. टीममधल्या मराठी मंडळींची पूर्ण नावं बघा, पासपोर्टवर असतात तशी. मधल्या रकान्यात कुठेतरी नामदेव सापडायची शक्यता बरीच आहे. म्हणजे नाव अजून गेलेलं नाही, फक्त एक पिढी मागे सरकलंय.

इंग्रजांकडे जसे हर्बर्ट आणि मिल्ड्रेड, तसं आपल्याकडे हे नाव. ऐकलं की डोळ्यापुढे टोपी येते, धोतर येतं, एसटीचा स्टँड येतो. म्हणून म्हटलं, ह्या वीकेंडला नामदेव नावाच्या माणसांचाच जरा इतिहास बघू.

सुरुवात अर्थातच संत नामदेवांपासून. जन्म १२७० चा, घर शिंप्याचं, वडील दामाशेटी, आई गोणाई. गाव नरसी. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी नरसी परभणी जिल्ह्यातच होतं. (कऱ्हाडकडचं नरसिंगपूरही नामदेवांवर हक्क सांगतं. तो वाद जुना आहे, आज त्यात पडत नाही.) ज्या विसोबा खेचरांना नामदेवांनी गुरू केलं, ती कथा घडते औंढा नागनाथला, तेही त्याच भागात. पुढचं आयुष्य पंढरपूरला, आणि तिथून थेट पंजाबात. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये त्यांनी सुमारे वीस वर्षं काढली असं परंपरा सांगते. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ तयार केला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. आपला विठ्ठल तिथे 'बीठल' म्हणून भेटतो. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते ह्याच नात्यामुळे.

आता परभणी जिल्ह्यात आजही असलेल्या गावाकडे येऊ. गोदावरीकाठचं गंगाखेड, जनाबाईचं गाव. लहानपणी ती पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला आली आणि तिथलीच झाली. तिच्या नावावर तीनशेहून जास्त अभंग आहेत आणि ती सही करते 'नामयाची दासी जनी' अशी. दळण, कांडण, शेण्या वेचणं, असल्या कामांतून उभी राहिलेली बाई इतकी स्वतंत्र की देवाला सरळ शिव्या घालते, पण सही करताना आधी नामयाचं नाव! म्हणजे 'नामा' हे नाव फक्त नामदेवांपुरतं राहिलं नाही, त्यांच्या हयातीपासूनच ते दुसऱ्याच्या सहीचा भाग झालं.

आणि इथेच खरा घोळ सुरू होतो. आपल्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात की माणसाचं नाव कधी प्रायमरी की करू नये. एका नावाची दोन माणसं आली की डेटाबेसची वाट लागते. मराठी संतवाङ्मयात नेमकं हेच झालंय. अभंगाची ओळख शेवटच्या चरणातल्या नाममुद्रेवरून. 'नामा म्हणे' आलं की अभंग नामदेवांचा. पण सोळाव्या शतकात आणखी एक नामा होऊन गेला, विष्णुदास नामा. ओवीबद्ध महाभारत लिहिणारा मोठा कवी. आता मूळ नामदेवही स्वतःला विष्णुदास म्हणवून घेतात, कारण विष्णूचा दास म्हणजे विष्णुदास, कोणीही भक्त म्हणू शकतो. झालं! कीर्तनकारांच्या वह्यांत, ज्यांना बाडं म्हणतात त्यांत, दोघांचे अभंग शेजारी शेजारी उतरवले गेले. एकाचे दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले. शिवाय ह्या दोघांखेरीज आणखीही नामे असावेत, असं अभ्यासक मानतात. नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १९७० साली नामदेव गाथा काढली. तिच्यात दोन हजारांहून जास्त अभंग आहेत, आणि त्यातले मूळ नामदेवांचे किती ह्यावर आजही एकमत नाही.

आपल्याला ही सरळसरळ डेटा करप्शनची केस वाटते. पण त्या काळच्या माणसाला तसं वाटत नसावं. कीर्तनात उभं राहून 'नामा म्हणे' म्हणणाऱ्याला कॉपीराइट नको होता. त्याला त्या रांगेत उभं राहायचं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन एक आणि वापरणारे अनेक. सिक्युरिटीवाले बेशुद्ध पडतील :) पण शतकानुशतकं ते चाललं.

विसाव्या शतकातले नामदेव मात्र वेगळे. त्यांना आडनाव आहे, जन्मतारीख आहे, एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जायची भीती नाही.

पहिले नामदेव जाधव. जन्म १९२१, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. मराठा लाइट इन्फंट्रीत साधे शिपाई. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. पलीकडच्या बांधावर चढाई करताना तुकडीतले बहुतेक सोबती पडले. जाधवांनी गोळीबारात दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे नेलं. मग परत जाऊन शत्रूची तीन मशीनगन ठाणी गप्प केली, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला हा माणूस १९८४ मध्ये गेला. आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय?

दुसरे नामदेव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, फक्त त्यांचं नाव नामदेव आहे हे लक्षात येत नाही. ना. धों. महानोर! नामदेव धोंडो. जन्म १९४२, पळसखेड्याचे शेतकरी. 'रानातल्या कविता' १९६७ ची, 'जैत रे जैत' १९७७ चा, साहित्य अकादमी 'पानझड'साठी २००० साली. २०२३ मध्ये ते गेले. 'ना.' ह्या एका अक्षरामागे नामदेव आयुष्यभर उभा होता.

तिसरे नामदेव ढसाळ. जन्म १९४९, पुणे जिल्ह्यातल्या पूर गावचे, वाढले मुंबईच्या कामाठीपुऱ्याच्या आसपास. टॅक्सी चालवली, १९७२ मध्ये 'गोलपिठा' आणला आणि त्याच वर्षी सोबत्यांबरोबर दलित पँथर उभी केली. २०१४ मध्ये गेले. चौथे वाशीमचे नामदेव कांबळे, जन्म १९४८, 'राघववेळ' कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार. ह्या तिन्ही लेखकांना पद्मश्री मिळाली: महानोरांना १९९१, ढसाळांना १९९९ आणि कांबळ्यांना २०२१ साली.

आता ढसाळ आणि कांबळे ह्यांच्या जन्मसालांकडे पुन्हा बघा. १९४९ आणि १९४८. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं झालं १९४७ मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर. त्याआधी चोखामेळ्याच्या समाधीपर्यंतच यायचं आणि समोरची नामदेव पायरी लांबून बघायची. म्हणजे ज्या पायरीवर पाय ठेवायची बंदी होती, तिच्यात जो निजलाय त्याचं नाव मात्र त्या घरांत पाळण्यात म्हटलं जात होतं. नाव ठेवायला पुजाऱ्याची परवानगी लागत नाही ना! शिंप्याचं नाव सैनिकाच्या घरात गेलं, शेतकऱ्याच्या घरात गेलं, दलितांच्या घरात गेलं. मराठीत इतकी फिरलेली नावं फार थोडी असतील.

मग आपण ते का सोडलं? जुनं झालं म्हणून? मला हे पटत नाही. कबीर हे नाव बघा. शहरात हल्ली ते हौसेने ठेवतात, आणि मलाही आवडतं. पण कबीर तरी कुठे नवे आहेत? तेही भक्तिसंत, तेही आदिग्रंथात, तेही कापडाच्या धंद्यातले, एक विणणारा आणि एक शिवणारा. उलट कबीर नामदेवांच्या नंतरचे, आणि त्यांच्या पदांत नामदेवांचा उल्लेख आदराने येतो. तरी कबीर 'कूल' आणि नामदेव 'गावठी'. फरक वयाचा नाही. कबीर हे नाव आपल्यापर्यंत पुस्तकातून, गाण्यातून, सिनेमातून आलं. नामदेव आला तो गावातून, काका-मामांकडून, गड्याकडून, शाळेच्या शिपायाकडून. नाव ऐकलं की आपण मनातल्या मनात गाव, जात, पगार सगळं जोडून टाकतो. आपण जे सोडतोय ते नाव नाही, ती ओळख आहे, असं मला वाटतं.

असो. पोरांची नावं नामदेव ठेवा असं मी म्हणत नाही, घरात वाद नकोत. पण आपल्या मुलांच्या फॉर्ममध्ये मधल्या रकान्यात आपलं नाव येणार, अमित किंवा रोहन, आणि नामदेव तिथूनही जाणार. तेव्हा ज्यांच्या घरी अजून एखादे नामदेव आहेत, त्यांनी एवढं करा. नाव कोणी ठेवलं आणि का ठेवलं, ते त्यांना विचारून घ्या.