तुतारीचा बाक कशासाठी?

ढाणकीपासून दादरपर्यंत कुठेही जा, वरात असो की शिवजयंतीची मिरवणूक, तुतारी फुंकली की कुणी ना कुणी जाणकार सांगतोच, ‘बाक आहे म्हणून हा आवाज, नळी सरळ केली तर तुतारी मुकी होईल.’ हे मत इतकं रुळलंय की पुरावा कुणी मागत नाही. पुरावा वाद्यातच आहे आणि तो उलट साक्ष देतो.

शिंग म्हणजेच तुतारी बहुधा दोन वाकड्या नळ्या सांधून होते. एका रोखाने जोडल्या की चंद्रकोर, एक नळी फिरवली की इंग्रजी ‘एस’. नळ्या त्याच, लांबी तीच, सूरही तेच. आवाज बाकातून येत असता तर नळी फिरवताच तो बदलला असता.

ओठांच्या थरथरीने आतली हवा हलते. सूर ठरतो तो नळीच्या लांबीवर आणि पोकळी कशी रुंदावत जाते त्यावर. सेकंदाला 300 कंपनांच्या सुराची लहर मीटरभराहून लांब. बोटा-दोन बोटांच्या नळीचा बाक तिच्या खिजगणतीतही नसतो. तुतानखामेनच्या थडग्यातले कर्णे सरळसोट, डेन्मार्कच्या दलदलीत 1797 साली सापडलेले कांस्ययुगीन लूर नागमोडी. दोन्ही वाजतात.

मग कारागिराने ही उठाठेव का केली? जनावराचं शिंग मुळातच वाकडं, हे झालं अर्धं उत्तर. धातूची नळी सरळ ठेवणं तर उलट सोपं. उरलेलं उत्तर तुतारीच्या कामात, म्हणजे लांबवर इशारा देण्यात आहे. तेवढीच नळी सरळ असती तर गर्दीत पुढच्याच्या पाठीत खुपसली असती. वाकवली की आटोपते आणि तोंड माणसांच्या डोक्यांवर जातं. आवाजातला तीक्ष्ण, उंच भाग त्या तोंडाच्या रोखानेच जास्त जातो आणि लांबून ओळख पटते ती त्याच्यामुळे. बाक सूर घडवत नाही, तो कुठे टाकायचा ते ठरवतो.

तुतारीवर राग वाजत नाही म्हणून नाक मुरडणारेही इथेच चुकतात. बोटांची भोकंच नाहीत, तर मोजकेच सूर निघणार. पण लष्करी बिगुलाचे इशारेही जेमतेम पाच सुरांत भागतात. लांबच्याला एकच गोष्ट कळवायची असते, ती न चुकता.

आवाज फाटत असेल तर बाकाकडे बघत बसू नये, सांध्यावर ओलं बोट फिरवावं. हवा निसटत असेल तर तिथेच गार लागेल.