पाठटाचण
पाठटाचण : छात्राध्यापकाने वर्गावर जाण्यापूर्वी एका तासिकेच्या अध्यापनाची केलेली लेखी मांडणी. अध्यापक-प्रशिक्षणातील हा एक प्रमुख लेखी स्वाध्याय होय. घटक, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, विषयविवेचन, फलकलेखन, उपयोजन व गृहपाठ असे त्याचे सर्वसाधारण भाग असतात. मार्गदर्शक प्राध्यापकाने टाचण तपासल्यावर सरावपाठ घेण्याची प्रथा आहे.

ह्या मांडणीचे मूळ जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीड्रिख हेर्बार्ट (१७७६–१८४१) ह्याच्या विचारांत आढळते. नवे ज्ञान पूर्वज्ञानाशी जोडले गेले तरच ते मनात रुजते, असे त्याचे मत होते. १८०६ मधील आपल्या ग्रंथात त्याने स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था व पद्धती हे चार टप्पे सांगितले. ते विचारांच्या वाढीचे टप्पे होते; प्रत्येक तासिकेचा साचा नव्हे. ट्यूइस्कॉन त्सिलर (१८१७–८२) ह्याने पहिल्या टप्प्याचे दोन भाग केले आणि येना विद्यापीठातील व्हिल्हेल्म राइन (१८४७–१९२९) ह्याने पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन ही पंचपदी रूढ केली. जर्मनीत शिकून परतलेल्या चार्ल्स डी गार्मो, चार्ल्स मॅक्मरी इ. शिक्षणतज्ञांनी अमेरिकेत तिचा प्रसार केला.

पंचपदीमुळे नवशिक्या अध्यापकास निश्चित आधार मिळाला व परीक्षकासही तपासणी सुलभ झाली. परंतु ह्याच सोयीमुळे तिचे साच्यात रूपांतर झाले. गणिताच्या पाठात उदाहरणांवरून नियम काढता येतो. कवितेच्या पाठात मात्र सामान्यीकरणाची पायरी ओढूनताणून आणावी लागते. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) ह्याने १९१० मध्ये ह्या दोषावर नेमके बोट ठेवले. पाठाची तयारी करताना अध्यापकाने ह्या पायऱ्यांचा विचार अवश्य करावा. प्रत्यक्ष अध्यापनात मात्र त्यांचा क्रम बंधनकारक मानू नये, असे त्याचे प्रतिपादन होते.

बेंजामिन ब्लूम व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर भारतातील टाचणांत उद्दिष्टे व त्यांची स्पष्टीकरणे ह्यांना महत्त्व आले. १९६० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या सूक्ष्म अध्यापनात एकच कौशल्य घेऊन छोटा पाठ देणे, प्रत्याभरणानंतर टाचण पुन्हा लिहिणे व पाठ पुन्हा घेणे, असा क्रम असतो.

ह्या पुनर्लेखनात स्वाध्यायाचे खरे मर्म आहे. केवळ ठराविक रकाने भरावयाचे असल्यास टाचण दुसऱ्याचे पाहूनही उतरविता येते. विद्यार्थी कोठे अडखळतील ह्याचा अंदाज आणि ते प्रत्यक्षात कोठे अडखळले ह्याची नोंद मात्र वर्गाचा विचार केल्यावाचून लिहिता येत नाही.