सुई आणि सोल्यूशन

शोधांचा इतिहास लिहिणाऱ्यांना ‘पहिला कोण?’ हा प्रश्न फार प्रिय असतो. थंड समुद्रात उतरणाऱ्यांच्या रबरी पोशाखाचा, म्हणजे वेटसूटचा, इतिहासही याच प्रश्नाभोवती घोटाळत राहिला आहे. एकीकडे कॅलिफोर्नियातील बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर, दुसरीकडे 1952 मध्ये सान फ्रान्सिस्कोत सर्फिंगचे दुकान काढणारे जॅक ओनील. शिवाय मेस्ट्रेल बंधूंचे नाव घेणारेही आहेतच. कागदपत्रांचा कौल ब्रॅडनर यांच्या बाजूने पडतो. 1951 मधील त्यांच्या पत्रव्यवहारात ही कल्पना आलेली आहे. पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. हा वाद आम्ही येथेच सोडतो. हा पोशाख कोणी जन्मास घातला यापेक्षा तो कसा फाटत गेला आणि कोणी सांधला, हे आम्हांस अधिक बोलके वाटते. पोथीच्या समासातील दुरुस्त्यांवरून ती कशी वापरली गेली हे ताडणाऱ्या वाचकांना ही दृष्टी नवी वाटू नये.

ब्रॅडनर यांचे म्हणणे असे की अंग कोरडे राहण्याची गरजच नाही; ऊब राखतात ते रबरात कोंडलेले वायूचे बुडबुडे. ड्यूपॉन्ट कंपनीने 1930 च्या दशकात बाजारात आणलेले निओप्रीन हे कृत्रिम रबर फेसाळ स्वरूपात यासाठी उपयोगी पडले. पण ज्या बुडबुड्यांनी ऊब दिली त्यांनीच रबर दुबळे केले. आरंभीच्या पोशाखांना कापडी अस्तर नव्हते. टाल्कम पावडर फासून ते अंगावर चढवावे लागत, आणि तरीही बोटाचे नख लागले तरी फाटत.

यात कोणी हताश झाले नाही, त्याचे कारण साधे आहे. 1950 आणि 1960 च्या दशकांत कित्येक पाणबुडे निओप्रीनच्या शीट आणून, अंगाच्या मापाने बेतून, कडेला कड चिकटवून पोशाख घरीच करीत. घडवणारा आणि सांधणारा हात एकच होता, हत्यारही एकच : सोल्यूशनचा डबा.

पुढे नायलॉनचे अस्तर रूढ झाले. पोशाख टिकाऊ झाला आणि दोऱ्याला धरायला कापड मिळाले. मात्र सुई रबरातून आरपार गेली की तेथून थंड पाणी आत येते. त्यासाठी आधी कडा चिकटवून, मग वाकड्या सुईने आरपार न जाता शिवणारी यंत्रे आली. अशी यंत्रे घरोघरी कशी असणार? पोशाख बेतण्याचे काम हळूहळू कारखान्याकडे गेले. घराकडे उरली ती दुरुस्ती.

आजही ती जवळपास जुन्याच रीतीने होते. मीठ धुऊन पोशाख पुरता वाळवायचा, नाहीतर काही चिकटत नाही. चीर उघडी धरून दोन्ही कडांना निओप्रीनच्या सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा, तो सुकला की दुसरा. बोटाला चिकटेनासा झाला की मगच कडा जुळवायच्या. सायकलचे पंक्चर काढताना पाहिलेल्यांना ही वाट पाहणे परिचयाचे असेल. येथे घाई नडते आणि अजागळपणाही, कारण एकदा टेकलेली कड सहसा पुन्हा सुटत नाही. अस्तर फाटले असेल तर हाताने टाके घालायचे, तेही केवळ वरच्या कापडात. मग पोशाख निदान रात्रभर सपाट पसरून ठेवायचा.