पुढच्या अंकाची वाट

साहित्याच्या इतिहासात लेखकांची चरित्रे असतात, प्रवाहांची नावे असतात, संमेलनांच्या अध्यक्षांच्या याद्या असतात. वाचकाने पुढच्या पुस्तकाची वाट कशी पाहिली आणि त्या वाट पाहण्यातून काय घडले, हा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा आणि चित्रकथा हे वाङ्मयप्रकार तर या प्रतीक्षेवरच जगतात. आज इंग्रजीतील नव्या कादंबऱ्या आणि चित्रकादंबऱ्या यांच्या याद्या कित्येक महिने आधी जाहीर होतात. जपानी 'मांगा'चा पुढचा भाग केव्हा येणार, हे गावोगावच्या मुलांना मोबाइलवर कळते. वडीलधाऱ्यांना हे वेड नवे वाटते. प्रत्यक्षात ते त्यांच्याच घरात पन्नास-साठ वर्षांपूर्वी नांदून गेलेले आहे.

पाम हे बोईसर-तारापूर पट्ट्यातले गाव. एका बाजूला औद्योगिक वसाहत, थोड्या अंतरावर समुद्र आणि अणुवीज केंद्र, दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. या किनारपट्टीवरच्या मुस्लिम घरांत भाषेची एक निराळीच वाटणी दिसते. बोलणे कोकणी वळणाच्या मराठीत, कुरआन अरबीत, शाळा कुठे मराठी तर कुठे उर्दू. त्यामुळे एकाच घरात एक भाऊ देवनागरी वाचणारा आणि दुसरा उर्दू लिपी वाचणारा, असे घडे. दोघांचीही करमणुकीची पुस्तके येत ती मुंबईहूनच, आणि रेल्वेनेच. मराठी पुस्तकांचे माहेर गिरगाव, तर उर्दू पुस्तकांचे भेंडीबाजार. एकाच गाडीने आलेली ही दोन जगे एका ओटीवर शेजारी शेजारी वाचली जात.

मराठी बाजूचा पहिला मोठा मानकरी या जिल्ह्याच्याच नावाने ओळखला जातो. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. वाचकांनी त्यांना ओळखले ते बाबुराव अर्नाळकर या नावाने. अर्नाळा हे वसई तालुक्यातले, किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले किनाऱ्यावरचे गाव. बाबुरावांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड हे त्यांचे नायक एकेकाळी मराठी घराघरांत पोहोचले होते. 1996 साली त्यांचे निधन झाले. हजार पुस्तके हा आकडा नीट पाहिला तर त्यामागचा व्यवहार कळतो. पुस्तक छोटे, किंमत बेताची, आणि एक संपते न संपते तोच दुसरे हजर. ज्याला विकत घेणे परवडत नसे तो भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात अनामत ठेवून वाचत असे. समीक्षकांनी या पुस्तकांना साहित्यात जागा दिली नाही. तरीही नुकते अक्षर ओळखू लागलेल्या हजारो माणसांना भराभर वाचण्याची सवय लावली ती याच पुस्तकांनी. पुढे गुरुनाथ नाईकांनी रहस्यकथेत आणि नारायण धारपांनी भयकथेत तीच सवय चालू ठेवली.

काळापहाड या नावापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. इतिहासात काळापहाड हा सोळाव्या शतकातला, बंगालच्या कर्रानी सुलतानांचा सेनापती. ओरिसाच्या स्वारीमुळे त्याचे नाव देवळे फोडणारा म्हणून दंतकथांत राहिले. तेच नाव मराठी रहस्यकथेत एका लोकप्रिय नायकाला मिळाले आणि वाचकाने ते आनंदाने स्वीकारले. कोणत्याही नावाला चिकटलेला राग किंवा संशय गोष्टीच्या ओघात विरघळू शकतो, याचे हे आपल्याच भाषेतले उदाहरण आहे.

आता उर्दू बाजू पाहू. मार्च 1952 मध्ये अलाहाबादहून, म्हणजे आजच्या प्रयागराजहून, 'जासूसी दुनिया' ही मासिक कादंबरीमाला सुरू झाली. लेखक इब्ने सफी, खरे नाव असरार अहमद. प्रकाशक अब्बास हुसैनी. पहिली कादंबरी 'दिलेर मुजरिम'. उर्दूत कामुक मजकुराशिवाय लोकप्रिय पुस्तक खपणार नाही, असे कोणीसे बैठकीत म्हटले आणि ते खोटे ठरवण्यासाठी इब्ने सफींनी लेखणी उचलली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी ते कराचीला गेले. पण कादंबऱ्या अलाहाबादहूनही निघत राहिल्या. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद ही जोडी, नंतर 1955 पासून अली इमरान, असे दोन संच त्यांनी चालवले. पहिल्यात 125 आणि दुसऱ्यात 120 कादंबऱ्या आहेत. प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी 'पेशरस' नावाचे छोटे मनोगत असे. त्यात ते वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत, मागच्या पुस्तकावरच्या तक्रारी ऐकून घेत आणि पुढच्या पुस्तकाची चाहूल देत. लेखक आपल्याशी बोलतो आहे, या भावनेने वाचक महिनाभर थांबत असे.

या प्रतीक्षेची खरी परीक्षा 1960 नंतर झाली. इब्ने सफी मानसिक आजाराने ग्रासले आणि जवळपास तीन वर्षे एकही नवे पुस्तक आले नाही. बाजारात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेतलेले नकली लेखक उगवले. वाचकाने ते घेतले, वाचले आणि ओळखले. नोव्हेंबर 1963 मध्ये 'डेढ मतवाले' ही इमरान मालिकेतील कादंबरी आली, तेव्हा भारतातील प्रकाशन लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ते केंद्रीय गृहमंत्री होते आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाले. आठवड्याभरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. फाळणीला सोळा वर्षे झाली होती, लेखक कराचीत होता, आणि त्याच्या गुप्तहेर कथेचे स्वागत भारतातला एक राष्ट्रीय नेता करत होता. दोन्ही देशांतले वाचक एकाच पुस्तकाची वाट पाहत होते, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवी होती.

मात्र याच मालिकेच्या हिंदी आवृत्तीत एक बदल झाला होता. लिपी देवनागरी होताच फरीदी हा विनोद झाला आणि इमरान हा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. म्हणजे नायकाचे नाव बदलले आणि त्याच्या साथीदाराचे तसेच ठेवले. प्रकाशकाचा हिशोब उघड आहे: देवनागरी वाचणाऱ्या ग्राहकाला मुस्लिम नायक चालेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. आपल्याकडच्या ज्या भावाला उर्दू येत होते त्याला फरीदी भेटला. ज्याला फक्त देवनागरी येत होती त्याला विनोद भेटला. दोघांनी एकच गोष्ट वाचली, पण दोघांना आरशात वेगळा चेहरा दिसला. पुढे कित्येक दशकांनी हार्पर हिंदीने या कादंबऱ्या नव्याने काढल्या तेव्हा देवनागरीतही फरीदी हेच नाव छापले गेले आणि पुस्तके खपली. 2011 मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने चार कादंबऱ्यांचे इंग्रजी भाषांतर काढले. भाषांतरकार होते शम्सुर्रहमान फारुकी, उर्दूतले अव्वल दर्जाचे समीक्षक. ज्यांना उथळ म्हणून बाजूला सारले होते त्यांच्यासाठी एवढ्या मोठ्या विद्वानाने वेळ खर्च केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नावे बदलण्याचा हा खेळ चित्रकथांतही झाला. मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. त्याची मराठी आवृत्तीही निघे. ली फॉक यांचा 'फँटम' मराठीत वेताळ झाला. मूळ कथेतल्या 'सिंग' चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंगा' करण्यात आले, कारण इथल्या समाजाचे नाव गुन्हेगारांना देणे बरे नव्हे, हे संपादकांना कळत होते. बंगालची आठवण करून देणारे देशाचे नाव बदलून 'डेंकाली' केले गेले. म्हणजे वाचकाच्या मानाला धक्का लागू नये याची काळजी घेणे शक्य होते आणि ती घेतली जात होती. इंद्रजाल आधी मासिक, मग पाक्षिक आणि शेवटी साप्ताहिक झाले. 1990 मध्ये ते बंद पडले. ज्यांचे बालपण त्या वर्षांत गेले त्यांना स्टेशनवरच्या पुस्तकाच्या स्टॉलशी थबकणे आठवत असेल.

याच इंद्रजालमध्ये डिसेंबर 1976 मध्ये 'बहादूर' आला. चंबळच्या खोऱ्यातला, डाकूचा मुलगा, पोलीस अधिकाऱ्याने वाढवलेला, कुर्ता आणि जीन्स घालणारा हा नायक आबिद सुरती यांनी निर्माण केला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती. सुरती हे गुजरातीभाषक मुस्लिम कुटुंबातले, मुंबईच्या डोंगरी भागात वाढलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोऱ्या सैनिकांनी रेल्वेतून टाकलेल्या कॉमिकचे एक पान हाती लागले आणि चित्रकलेचे वेड लागले, असे त्यांनी सांगितले आहे. 'धर्मयुग'मधला त्यांचा 'ढब्बूजी' वर्षानुवर्षे चालला. पुढे याच पश्चिम रेल्वेवरच्या मीरा रोड येथे घरोघरी जाऊन गळके नळ मोफत दुरुस्त करून देण्याचे त्यांचे काम देशभर गाजले. देशातल्या लाखो मुलांना पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणारा भारतीय नायक एका मुस्लिम लेखकाने दिला. त्या नायकाला मुस्लिम नाव देण्याची गरज त्यांना वाटली नाही, आणि तो त्यांचा हक्कच होता. लेखकाने फक्त आपल्याच समाजाच्या गोष्टी सांगाव्यात असा नियम कोणी करू नये.

प्रश्न उरतो तो आपल्या मराठीचा. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या आधी आणि नंतर आपल्या लेखकांनी कविता लिहिली, आत्मकथने लिहिली, दंगलीच्या, तलाकच्या, गरिबीच्या कथा लिहिल्या. ते लिहिणे आवश्यकच होते. पण ज्याचा पुढचा भाग कधी येतो म्हणून दहावीतला मुलगा ग्रंथालयात दोनदा चौकशी करील, असा नायक त्यातून उभा राहिला का? मराठीतल्या एखाद्या प्रदीर्घ रहस्यमालेचा मुख्य नायक मुस्लिम नावाचा असल्याचे उदाहरण वाचकाला चटकन आठवत नाही. आपण दुःखाचे साक्षीदार म्हणून मराठी साहित्यात आलो. कोडे सोडवणारा, भुताला न घाबरणारा, चंद्रावर जाणारा म्हणून आलो नाही. मुलांना मात्र या दुसऱ्या माणसाचीच ओढ असते, आणि तो मिळाला नाही की ती दुसऱ्या भाषेत शोधायला जातात.

जगात याची उत्तरे शोधली गेली आहेत. इराणच्या मार्जान सत्रापी यांनी 2000 पासून 'पर्सेपोलिस'मधून आपले बालपण चित्रांत मांडले. काश्मीरच्या मलिक सजाद यांनी 2015 मध्ये 'मुन्नू' काढली. अमेरिकेत 2014 मध्ये कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची शाळकरी मुलगी 'मिस मार्व्हल' म्हणून स्वतःच्या मासिक मालिकेची नायिका झाली, आणि पुढच्या वर्षी त्या मालिकेच्या पहिल्या खंडाला ह्यूगो पारितोषिक मिळाले. नाव बदलून कमलाची कॅरल करावी असे तिच्या प्रकाशकाला वाटले नाही. विनोद आणि राजेश यांच्यापासून इथवरचे अंतर साठ वर्षांचे आहे.

मराठीत हे करायला साधने कमी नाहीत. या जिल्ह्यात तर चित्रातून गोष्ट सांगण्याची जुनी परंपरा भिंतींवर आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकातली वारली चित्रकला कागदावर आणली, तिच्यात लोककथा उभ्या केल्या आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळवली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरची 'भीमायन' ही चित्रकादंबरी आली. तिची चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान-गोंड कलावंतांनी काढली आणि ती जगभर वाचली गेली. विज्ञानकथेचेही तसेच. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि पुढे एक अख्खी पिढी त्यांच्या नव्या कथेची वाट पाहू लागली. इथे तर 1969 पासून तारापूरचे अणुवीज केंद्र शेजारी उभे आहे. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. भविष्यकाळ शेजारी येऊन बसतो तेव्हा मच्छीमाराचे, शेतकऱ्याचे, कारखान्यात पाळी करणाऱ्याचे काय होते, ही विज्ञानकथा पाममधल्या मुलाला पुस्तकात शोधावी लागत नाही. ती लिहिणारा मात्र हवा.

इब्ने सफी आणि अर्नाळकर यांच्याकडून घेण्यासारखा धडा साधा आहे. त्यांनी एकेक थोर पुस्तक लिहिण्याची वाट पाहिली नाही. ठरलेल्या वेळी, परवडणाऱ्या किमतीत, ओळखीच्या नायकाची नवी गोष्ट ते देत राहिले, आणि शेवटच्या पानावर पुढच्या पुस्तकाचे नाव छापत राहिले. आपले वार्षिक वर्षातून एकदा निघते. त्यात दरवर्षी एकाच नायकाची किंवा नायिकेची एक रहस्यकथा, चार पानांची एक चित्रकथा, तीही आपल्याच भागातल्या चित्रकाराकडून काढून घेतलेली, एवढी सुरुवात अवघड नाही. नाव हमीद असो की सलमा, ते बदलू नये. आणि कथेखाली छापावे: पुढील भाग पुढच्या वर्षीच्या अंकात.